लेकरांच्या हातीं चित्रांचें पुस्तक

पांच वर्षांखालील लेकरांसाठीं चित्रांचें पुस्तक कसें निवडावें, ह्याचा विचार ह्या पाठांत करावयाचा आहे. खेड्यांतील घरांत अशा पुस्तकाविषयीं दोन समज आढळतात. मूल शाळेंत जाऊन अक्षरें शिकल्यावर पुस्तक आणावें, हा एक; आणि ज्या आईला किंवा आजीला वाचतां येत नाहीं, तिचें पुस्तकाशीं कांहीं काम नाहीं, हा दुसरा. दुसऱ्या समजानें अधिक नुकसान होतें. लहान मुलाचा बहुतेक दिवस तिच्याच मांडीवर जातो, आणि घरांत आलेलें पुस्तक मात्र फळीवर उंच ठेविलें जातें, नाहीं तर थोरल्या भावाच्या दप्तरांत जातें.

चित्रांवरून शिकविण्याची कल्पना नवी नाहीं. मोराव्हिया प्रांतांतील कोमेनियस नांवाच्या बिशपानें मुलांकरितां रचिलेलें ‘ऑर्बिस पिक्टस’ हें पुस्तक १६५८ सालीं न्यूरेंबर्ग येथें छापून निघालें. त्यांत सुमारें दीडशें चित्रें होतीं. चित्रांतील वस्तूंस आंकडे दिलेले होते, व तेच आंकडे मजकुरांत त्या वस्तूंच्या नांवांपाशीं होते. अक्षरओळख तर त्यानें आवाजांवरून करून दिली: कावळा कसा ओरडतो, कोंकरूं कसें बें बें करतें. ह्या जुन्या पंडितास जें कळलें तें आपल्या बाजारांत अंकलिपी विकणारांस अद्याप कळावयाचें आहे, असें कधीं कधीं वाटतें. अंकलिपी वाईट नव्हे. शाळेच्या वयांत तिचा उपयोग आहे. पण दोन वर्षांच्या मुलास एकाच पानावर अननस, ऐरण व औषधाची बाटली दाखविली, तर त्याला बोलण्यासारखें काय सांपडणार? त्या पानावर कोणी कोठें जात नाहीं, कांहीं घडत नाहीं.

बोलणें हेंच येथें मुख्य आहे. १९८८ सालीं अमेरिकेंतील ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट व त्यांचे सहकारी ह्यांनीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. सुमारें दोन ते तीन वर्षांच्या मुलांच्या कुटुंबांचे त्यांनीं दोन गट केले. दोन्ही गटांतील आईबाप मुलांस चित्रांचीं पुस्तकें सारख्याच वेळां वाचून दाखवीत. फरक एवढाच कीं, एका गटास मुलास बोलतें कसें करावें हें शिकविलें होतें. ‘हो’ किंवा ‘नाहीं’ एवढ्यानें संपणार नाहीं असा प्रश्न विचारावा. मुलानें एक शब्द काढला तर त्यांत आपले दोन घालून परत द्यावा. त्याची वाहवा करावी. चार आठवड्यांनंतर ह्या गटांतील मुलें बोलण्याच्या परीक्षेंत दुसऱ्या गटाच्या कित्येक महिने पुढें गेलेलीं आढळलीं. ह्या रीतींत अक्षरें वाचण्याचें काम किती थोडें आहे, हें ध्यानांत घ्या. मूल चित्रावर बोट ठेवून “बैल” म्हणालें, कीं आजीनें म्हणावें, “व्हय, बैल पाणी पितोय. मग कुठं जाईल आतां?” एवढें तिला येतें. आणि तें तिनें आपल्याच बोलींत म्हणावें, मग ती अहिराणी असो, वऱ्हाडी असो कीं भिल्ली. छापील भाषा मूल पुढें शाळेंत शिकेलच.

म्हणून दुकानांत किंवा जत्रेंत पुस्तक हातीं घेतल्यावर प्रथम मजकुरावर तळहात ठेवावा आणि नुसतीं चित्रें पाहत जावें. कोणी धांवतो आहे, कोणी लपला आहे, कोपऱ्यांत मांजर कांहीं उपद्व्याप करीत आहे, असें दिसलें तर तें पुस्तक घेण्याजोगें. मग हात काढून दोन पानें मोठ्यानें वाचावीं. जीभ अडखळत असेल तर तें ठेवून द्यावें. कारण मूल तेंच पुस्तक वीस वेळां मागतें, व आपणच कंटाळलों तर तें फळीवर जातें. पानोपानीं उपदेश करणारीं पुस्तकें आपणां उपदेशकांस व शिक्षकांस फार आवडतात. मुलें तीं मिटून टाकतात.

वर्षाच्या आंतलें बाळ पुस्तक चावतें, आपटतें. त्यास जाड पुठ्ठ्याचें, एका पानावर एकच ठळक चित्र असलेलें द्यावें. दोन-तीन वर्षांच्या मुलास तेच ते शब्द फिरून येणारी लहानशी गोष्ट आवडते. चार-पांच वर्षांच्यास रुसणें, भिणें, हरवणें, सांपडणें हें सारें समजूं लागतें.

चित्रांत ओळखीचें घर असावें. सगळें तसेंच असावें असें नाहीं. न पाहिलेला समुद्रही मुलास पाहूं द्यावा. परंतु ज्या मुलास एकाही पुस्तकांत आपल्यासारखी चूल, आपल्यासारखी आजी दिसत नाहीं, तें पुस्तकें दुसऱ्यांचीं असतात असें मनाशीं धरून बसतें. मराठींत माधुरी पुरंदरे ह्यांचें ‘राधाचं घर’ ह्या दृष्टीनें पाहण्यासारखें आहे. त्यांच्याच ‘चित्रवाचन’ ह्या पुस्तकांतील चित्रें तर मुलांनीं पाहून बोलावें म्हणूनच काढलेलीं आहेत. न वाचणाऱ्या आईस असलें पुस्तक फार सोयीचें.

पैशाची अडचण खरी आहे. चार घरांनीं मिळून चार निरनिराळीं पुस्तकें घ्यावीं व महिन्यानें पालटावीं. प्रथम बुक्स ह्या संस्थेनें २०१५ सालीं ‘स्टोरीवीव्हर’ सुरू केलें. त्यावर मराठीसह अनेक भाषांतील चित्रपुस्तकें मोबाइलवर फुकट वाचतां येतात, व छापूनही घेतां येतात. मूल लहान असेल तर छापून घ्यावीं हें बरें, कारण कागदाचें पान त्याला आपल्या हातानें उलटतां येतें. उलटतांना तें कधीं दोन पानें एकदम उलटील, कधीं मागें जाईल, जाऊं द्यावें. पान फाटलें तर गव्हाच्या खळीनें चिकटवून, सुकल्यावर पुस्तक पुन्हां मुलाच्या हाताला येईल अशा ठिकाणीं, खालींच ठेवावें.