अनुभवाचा ताळेबंद

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीत मी आयुष्यातले पहिले मत दिले. आदल्या रात्री घरी वाद झाला. बाबा म्हणाले, "दुकानात दिवाणजी ठेवतानाही आपण अनुभव विचारतो, मग देश चालवणाऱ्याला का विचारू नये?" वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी म्हणून मला ते पटले. पण अनुभव मोजायचा कसा?

राज्यघटना येथे मदत करीत नाही. लोकसभेसाठी वय २५ हवे, राष्ट्रपतिपदासाठी ३५. अनुभवाची अट नाही. उमेदवाराच्या प्रतिज्ञापत्रात मालमत्ता, खटले, शिक्षण यांची नोंद असते. हाती आलेले काम कसे केले, याला रकाना नाही. तो मतदारानेच भरायचा.

दोन उदाहरणे ताडून पाहू. मोरारजी देसाई १९७७ साली पंतप्रधान झाले तेव्हा ८१ वर्षांचे होते. मुंबई राज्याचे मुख्यमंत्री, केंद्रात अर्थमंत्री, उपपंतप्रधान, एवढी जमा बाजू. आणीबाणीच्या अधिकारांना लगाम घालणारी ४४ वी घटनादुरुस्ती त्यांच्याच काळातली. तरीही सहकारी एकत्र राहिले नाहीत आणि १९७९ साली सरकार गेले. उलट राजीव गांधी १९८१ साली खासदार आणि १९८४ साली, चाळिसाव्या वर्षी, पंतप्रधान झाले. मंत्रिपदाचा अनुभव शून्य. १९८७ साली श्रीलंकेत सैन्य पाठविणे महाग पडले. पण मतदानाचे वय २१ वरून १८ वर आणणारी ६१ वी घटनादुरुस्ती त्यांच्याच सरकारची. ती नसती तर त्या दिवशी मी रांगेत नव्हे, घरीच असते.

म्हणजे अनुभव हा ताळेबंदातल्या गुडविलसारखा आहे. त्याला किंमत असते, पण तो फुगवूनही दाखविता येतो. म्हणून मी चार प्रश्न ठरविले. नुसते पद भोगले की जबाबदारी पेलली? पैशाचा हिशेब दिला का? चूक सुधारली का? स्वतःला न येणाऱ्या कामासाठी जाणकार निवडले का? १९९१ साली नरसिंह रावांनी अर्थखाते डॉ. मनमोहन सिंग यांना दिले. ते राजकारणात नवखे होते, पण रिझर्व्ह बँकेचे माजी गव्हर्नर होते.

मी बाबांना म्हटले, "वीस वर्षे वही लिहिणारा दिवाणजी वीस वर्षे एकच चूकही करू शकतो." बाबा हसले. "खरं आहे. पण तू वही उघडून पाहिलीस का?"

मी एकाही उमेदवाराचे प्रतिज्ञापत्र वाचले नव्हते. त्या रात्री वाचले.

आमच्या कन्नड मैत्रिणीही 'अनुभव' हाच शब्द वापरतात. शब्द सामाईक आहे. तपासणीही सामाईक असावी.