वन-टन हाती घेण्याआधी

ऑलिव्ह ग्रीन रंग लावायचा नाही. जुना लष्करी ट्रक घेऊ का, असं विचारणाऱ्या प्रत्येकाला मी हे सर्वांत आधी सांगतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या 121व्या नियमानुसार संरक्षण खात्याच्या गाड्या सोडून दुसऱ्या कोणत्याही वाहनाला हा रंग देता येत नाही. ऐकणाऱ्याचा चेहरा उतरतो, कारण त्याच्या मनातला ट्रक नेमका त्याच रंगाचा असतो. एवढं ऐकूनही ज्याची इच्छा टिकते, त्याच्याशी पुढचं बोलता येतं.

माझा ट्रक निस्सानचा वन-टन. निस्सानच्या परवान्यावर जबलपूरला बांधलेला, सहा सिलिंडरचं 3,956 घन सेंटिमीटरचं पेट्रोल इंजिन, गरजेला चारही चाकांना जोर. जोंगा या लष्करी जीपचं इंजिनही हेच. मी सातारा जिल्ह्यातला, माझे चुलते आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये चालक होते. शक्तिमान आणि वन-टन हे दोन्ही ट्रक त्यांच्या हाताखालून गेले. या गाडीवर माझा जीव आहे. पण जीव असणारेच सुरुवात उलट्या टोकाने करतात. आधी इंजिन सुरू करतात. ते सुरू झालं की आवारात एक फेरी मारल्याशिवाय कुणाला राहवत नाही, आणि तेव्हा दोन टनांहून जड गाडी ब्रेकशिवाय चालत असते. चुलते पहिल्यांदा शेडमध्ये आले तेव्हा त्यांनी बोनेट उघडायला सांगितलं नाही. वाकून प्रत्येक चाकाच्या आतल्या बाजूला तेल ओघळलंय का, एवढंच पाहिलं.

चाकांच्याही आधी कागद. सैन्यातल्या गाडीची नोंद आरटीओकडे नसते. तिचा क्रमांक वर टोक असलेल्या बाणाचा, आणि बाणानंतरचे दोन आकडे खरेदीचं वर्ष सांगतात. गाडी लिलावात निघाली की तो क्रमांक संपतो. नव्या नोंदणीसाठी लष्करी अधिकाऱ्यांनी दिलेलं फॉर्म 21 मधलं मूळ विक्री प्रमाणपत्र लागतं. चार हात फिरलेल्या गाडीचा हा कागद बहुधा गहाळ असतो, आणि ‘पासिंगचं बघून घेऊ’ या आश्वासनावर ती विकली जाते. मला आधी दाखवलेल्या एका ट्रकचं आरसी बुक अगदी नीटनेटकं होतं. चॅसिसवरचा गंज तारेच्या ब्रशने घासला तेव्हा खालच्या क्रमांकातले दोन अंक निराळे निघाले. तो सौदा मी तिथेच सोडला. तुम्हीही क्रमांक स्वतः घासून वाचा, कागद ठेवून पेन्सिलने त्याचा छाप घ्या, आणि विसार देण्याआधी तो छाप घेऊन आरटीओत जा.

विंटेज नोंदणीच्या भरवशावरही राहू नका. 2021 मध्ये आलेले विंटेज वाहनांचे नियम पन्नास वर्षांहून जुन्या दुचाकींसाठी आणि एम-1 वर्गातल्या, म्हणजे प्रवासी मोटारींच्या वर्गातल्या, खासगी चारचाकींसाठी आहेत. मालवाहू ट्रक त्यात बसत नाही. ही माहिती पैसे दिल्यावर कळलेले लोक मला भेटले आहेत; त्यांचे ट्रक अजून शेतात उभे आहेत.

आता चाकं. इथे मी रेंगाळणार आहे, कारण या छंदात माणूस दगावण्याची सगळ्यात सोपी जागा हीच. या पिढीच्या ट्रकांत टायर जागेवर धरायला लोखंडी लॉक रिंग असते. हवा भरलेली असताना ती रिंग केवढा जोर अडवून धरते, हे बाहेरून कळत नाही. वर्षानुवर्षं पावसात उभ्या ट्रकची रिंग खाचेत गंजून पातळ झालेली असते. आमच्या भागातल्या एका पंक्चरवाल्याकडे अशीच रिंग हवा भरताना सुटली आणि शेडच्या पत्र्याला भोक पाडून गेली. माणूस बाजूला होता, म्हणून वाचला. म्हणून चाकाला पाना लावण्याआधी व्हॉल्व्हची पिन काढून हवा पूर्ण सोडा, मगच नट. रिंग आणि तिची खाच धातू दिसेपर्यंत घासा. खड्डे पडले असतील तर ती भंगारातच जाऊ द्या, वेल्डिंग करून वापरू नका. टायर चढलेल्या रिमवर तर वेल्डिंगचा टाकाही नको, आतला रबर तापून टायर फुटतो. हवा भरायची ती लोखंडी पिंजऱ्यात, लांब नळीने, बाजूला उभं राहून. पंक्चरवाल्याला याची घाई असेल तर दुसरा शोधा.

ट्रक उचलताना नुसत्या जॅकवर विसंबू नका. जॅकखाली रेल्वेच्या स्लीपरसारखा जाड ओंडका आणि चॅसिसखाली घोड्या लावल्याशिवाय कुणालाही खाली सरकू देऊ नका. पावसाळ्यात मातीच्या शेडमध्ये हे काम मी बंदच ठेवतो.

ब्रेकचे ड्रम उघडाल तेव्हा आत काळी भुकटी असेल. जुन्या लायनरांत ॲस्बेस्टॉस असायचं. कॉम्प्रेसरची हवा मारून ती उडवू नका. पाण्याने भिजवा, ओल्या फडक्याने पुसा, फडकं पिशवीत बांधून टाका, तोंडाला चांगला मास्क ठेवा. ब्रेक ऑईल हवेतलं पाणी शोषतं, त्यामुळे उभ्या गाडीच्या मास्टर सिलिंडरला आणि चाकांतल्या सिलिंडरांना आतून खड्डे पडलेले असतात. नुसते रबर बदलून भागत नाही. चांगला टर्नर सिलिंडरला आतून स्लीव्ह बसवून देतो. तेवढा खर्च धरूनच चाला. काम झाल्यावर पेडल दाबून मिनिटभर तसंच धरा. ते हळूहळू खाली बसत गेलं तर ट्रक शेडबाहेर काढायचा नाही.

पेट्रोलची टाकी गळते म्हणून वेल्डिंगवाल्याकडे नेऊ नका. रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा घातक असते. मी नवी टाकी बनवून घेतली. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, ते जुन्या रबरी नळ्या आणि पंपाचा पडदा खातं. इथेनॉलला टिकणाऱ्या नळ्या पहिल्या दिवशीच घाला. वायरिंग 24 व्होल्टचं आहे हे विसरून 12 व्होल्टचे बल्ब लावले तर क्षणात जातात. जाम इंजिन मात्र धीर धरलात तर सुटतं. प्लग काढून सिलिंडरांत डिझेल आणि गिअरबॉक्सचं पातळ तेल मुरू द्या, मग हाताने हँडल फिरवा. ट्रॅक्टरने ओढून सोडवायला गेलात तर कनेक्टिंग रॉड वाकतील.

सुटे भाग मिळत नाहीत, अशी तक्रार ऐकू येते. ती अर्धीच खरी आहे. बेअरिंगवर कोरलेला क्रमांक आणि ऑईल सीलची आतली, बाहेरची व जाडीची मापं घेऊन मोठ्या बेअरिंग दुकानात गेलात तर गाडीचं नावही सांगावं लागत नाही. इंजिनाचे तुकडे जोंग्याच्या भंगारातून निघतात. दिल्लीच्या मायापुरीत किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात फिरताना हातात जुना तुकडा असू द्या, फोटोवर कुणी विश्वास ठेवत नाही. आणि गाडीवरच्या मूळ पितळी पट्ट्या कधी विकू नका, बदलूही नका.

रस्त्यावर काढल्यावरची एक गोष्ट चुलत्यांनी शिकवली. या गाडीत पुढच्या आणि मागच्या ॲक्सलच्या दरम्यान डिफरन्शियल नाही. डांबरावर फोर-व्हील लावून वळण घेतलं की चारही चाकं वेगवेगळं अंतर कापतात, ताण साठत जातो, स्टिअरिंग जड होतं आणि शेवटी ट्रान्सफर केसचे दात जातात. चिखल, वाळू, सैल माती, एवढ्यापुरताच तो लिव्हर ओढायचा, आणि पक्का रस्ता लागताच परत टाकायचा.