वातानुकूलन : यंत्र बदलण्यापूर्वी डक्ट तपासा

उन्हाळ्यात एखादी खोली पुरेशी थंड होत नाही आणि विजेचे बिल मात्र वाढत जाते, तेव्हा दोष बहुधा वातानुकूलन यंत्राला दिला जातो व अधिक क्षमतेच्या यंत्राची चौकशी सुरू होते. परंतु ज्या मोठ्या सदनिकांत व बंगल्यांत एकाच यंत्राची हवा छताआडच्या डक्टमधून सर्व खोल्यांत जाते, तेथे दोष पुष्कळदा त्या वाटेतच असतो. यंत्रावरील तारांकन यंत्राची कार्यक्षमता दर्शविते, डक्टची नव्हे.

अमेरिकेत घरांना उष्ण वा थंड ठेवण्यासाठी डक्टचा वापर सर्रास होतो. तेथील शासनाच्या ‘एनर्जी स्टार’ कार्यक्रमानुसार, सर्वसाधारण घरात डक्टमधील २० ते ३० टक्के हवा छिद्रे व सैल सांधे यांतून वाया जाते. समजा, थंडाव्यासाठी दरमहा ६,००० रुपयांची वीज लागते आणि चतुर्थांश थंड हवा वाटेतच गळते. तर १,५०० रुपये केवळ छताआडची पोकळी थंड करण्यात जातात. उन्हाळ्याच्या चार महिन्यांत हाच तोटा ६,००० रुपयांवर पोहोचतो.

दोष कसा ओळखावा?

१. एक खोली गार व दुसरी उबदार राहत असल्यास डक्ट सुटलेला, दबलेला किंवा लवचीक नळी मुडपलेली असू शकते.

२. स्वच्छता राखूनही धूळ साचत असल्यास यंत्राकडे परतणाऱ्या हवेच्या मार्गात गळती संभवते. त्या मार्गातील छिद्रे छताआडची उष्ण, धुळकट हवा आत ओढतात.

३. दमट हवेच्या किनारी शहरांत छतावर ओल वा बुरशी दिसल्यास डक्टवरील उष्णतारोधक आवरण फाटलेले असू शकते. तेथे थंड पत्र्यावर बाष्पाचे पाणी होते.

४. पेटती उदबत्ती उघड्या सांध्याजवळ सावधपणे धरल्यास धुराची रेषा हलते व गळतीची जागा कळते.

उपाय कोणते?

प्रथम फिल्टर स्वच्छ करावा आणि हवेच्या जाळ्यांसमोरील पडदे व फर्निचर दूर करावे. न वापरलेल्या खोल्यांच्या जाळ्या बंद करून बचत होते, हा समज बरोबर नाही. त्याने डक्टमधील दाब वाढून गळतीस हातभारच लागतो. सुटलेले सांधे स्क्रूने पक्के करून त्यांवर मॅस्टिक या लेपाचा थर द्यावा किंवा त्यासाठीच बनविलेली धातूच्या पातळ पत्र्याची चिकटपट्टी लावावी. ‘डक्ट टेप’ या नावाने मिळणारी कापडी पट्टी मात्र येथे टिकत नाही. अमेरिकेच्या लॉरेन्स बर्कली राष्ट्रीय प्रयोगशाळेने १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचण्यांतही तीच अपयशी ठरली. सांधे बंद केल्यानंतरच आवरणाची दुरुस्ती करावी, कारण आवरण उष्णता अडविते, गळती नव्हे. छताआडचे काम कुशल तंत्रज्ञाकडूनच करून घ्यावे आणि काम संपल्यावर प्रत्येक जाळीतून येणारी हवा मोजून घ्यावी.

नवे यंत्र हा भांडवली खर्च आहे, तर डक्टची डागडुजी हा देखभालीचा. गळक्या डक्टला जोडलेले मोठे यंत्र अधिक हवा गळवील, एवढेच. म्हणून नव्या यंत्रासाठी कर्जाचा अर्ज भरण्यापूर्वी गृहस्वामीने डक्टची तपासणी करून घेणे शहाणपणाचे ठरते.