संकटानें बळ येतें काय?

या पाठासाठीं निर्गम, यिर्मया व रोमकरांस पत्र हीं पुस्तकें हाताशीं ठेवावीं.

पीक बुडालें, घरांतला कर्ता पुरुष गेला, किंवा गांवानें पाणी तोडलें, म्हणजे आपल्यांतील कोणी उपदेशक भेटीस जातो व म्हणतो, "हें दुःख तुम्हांस बळकट करील." बोलणारा चांगल्या हेतूनें बोलतो. राष्ट्रांविषयींहि लोक असेंच बोलतात : ज्यानें हाल सोसले तें राष्ट्र बलाढ्य होतें, सुखांत वाढलेलें दुबळें होतें. हें मत शास्त्रास धरून आहे किंवा नाहीं तें आज पाहूं. तें सर्वथा खरें असतें, तर शेंकडों वर्षें गांवकुसाबाहेर काढलेल्या आपल्या वाडवडिलांएवढें बलवान या देशांत दुसरें कोणी झालें नसतें.

निर्गमाच्या पहिल्या अध्यायांत सांगितलें आहे कीं, इस्राएल लोकांस जों जों गांजलें तों तों ते वाढले. हें पुष्कळांस पाठ आहे. परंतु सहाव्या अध्यायाचें नववें वचन फार थोडे लोक वाचतात. मोशे सुटकेची वार्ता घेऊन आला तेव्हां त्याच लोकांनीं त्याचें ऐकलें नाहीं. कठीण दास्यानें त्यांचें मन खचलें होतें. संख्या वाढली होती, पण उमेद उरली नव्हती. पुढें अरण्यांत हेच लोक मिसरांतील मांसाच्या हंड्या आठवून कुरकुर करूं लागले.

याहून स्पष्ट उदाहरण दोन बंदिवासांचें आहे. ख्रि. पू. ७२२ च्या सुमारास अश्शूरी लोकांनीं शोमरोन घेतलें. अश्शूरचा राजा सर्गोन याच्या लेखांत तेथून नेलेल्यांची संख्या सत्तावीस हजारांवर दिली आहे. हे लोक मेदी लोकांच्या नगरांपर्यंत वांटून टाकले गेले, व त्यांच्या जागीं परके आणून बसविले. पुढें ते आसपासच्या लोकांत मिसळून गेले व प्रजा म्हणून पुन्हां उभे राहिले नाहींत. नंतर ख्रि. पू. ५८६ च्या सुमारास यरुशलेम पडलें. यिर्मयाच्या शेवटल्या अध्यायांत बाबेलास नेलेल्यांची एकंदर संख्या ४,६०० सांगितली आहे. राजांच्या दुसऱ्या पुस्तकांत आकडा याहून मोठा आहे, तरी शोमरोनहून नेलेल्यांच्या मानानें तो थोडाच. असें असून कोरेशानें ख्रि. पू. ५३८ मध्यें परतण्याची मोकळीक दिली, तेव्हां परत जावयास एक प्रजा शिल्लक होती.

पूर्वज एक, संकट एक. मग भेद कोठें पडला? कांहीं अंशीं तो जिंकणाऱ्याच्या रीतींत होता, व हें आपण लपवूं नये. अश्शूरानें पांगविलें, बाबेलानें पुष्कळांस एकत्र राहूं दिलें. यहेज्केल खबार नदीच्या प्रदेशांत आपल्या लोकांमध्यें राहत असे, व यहूदाचे वडील त्याच्या घरीं येऊन बसत. परंतु एकत्र राहून त्यांनीं काय केलें तेंहि पाहिलें पाहिजे. यिर्मयानें यरुशलेमाहून पत्र पाठवून त्यांस कळविलें कीं, घरें बांधावीं, मळे लावावे, मुलामुलींचीं लग्नें करावीं, व ज्या नगरांत आहां त्याच्या कल्याणासाठीं प्रार्थना करावी. मंदिर गेलें होतें, यज्ञ बंद पडले होते, राजा कैदेंत होता. उरलें तें शास्त्र, शब्बाथ आणि एकमेकांच्या घरीं जमणें. सभास्थानांचा आरंभ याच काळांत झाला असें पुष्कळ विद्वानांचें मत आहे. आपण ज्या पडवींत किंवा झोंपडींत उपासनेस जमतां, तिचें मूळ त्या परदेशांतील बैठकींत शोधावें.

आणि जे यरुशलेमाच्या वेढ्यांत उपाशी मेले, त्यांस कोणतें बळ आलें? विलापगीताचा चवथा अध्याय वाचा. भुकेनें झिजून मरण्यापेक्षां तरवारीचें मरण बरें, असें तेथें म्हटलें आहे. भुकेची स्तुति तेथें कोठेंहि नाहीं.

आपल्या दख्खनचा अनुभव असाच आहे. १८७६–७८ च्या दुष्काळांत हिंदुस्थानांत पन्नास लाखांहून अधिक माणसें मेलीं असा अंदाज आहे. जे वांचले त्यांतील कित्येकांनीं बैल विकले, भांडीं विकलीं, बियाणें खाल्लें, सावकारास कागद लिहून दिला. १८९६ व १८९९ सालीं पाऊस पुन्हां गेला तेव्हां अशा घरांस टेकावयास कांहीं उरलें नव्हतें. १९७२ चें अवर्षणहि भयंकर होतें. परंतु १९७३ च्या उन्हाळ्यांत महाराष्ट्रांत सुमारें पन्नास लाख माणसें सरकारी कामांवर होतीं. लोकांनीं खडी फोडली, सुकडी खाल्ली, व ते जगले. पुढें १९७५ सालीं शहरांतील पगारदारांवर व्यवसाय कर बसला, आणि खेड्यांत मागेल त्यास काम देण्याचा कायदा १९७७ सालीं झाला. शहरानें खेड्याचा भार थोडासा आपल्या खांद्यावर घेतला, यांत राज्याचें बळ वाढलें असें मी समजतों. पंडिता रमाबाईंनींहि तरुणपणीं दुष्काळांत आईबाप व बहीण गमाविलीं होतीं. १८९६–९७ मध्यें मध्य प्रांतांत दुष्काळ पडला तेव्हां त्या स्वतः तेथें गेल्या, व शेंकडों विधवा आणि मुली आणून त्यांनीं त्यांस केडगांवीं वसविलें.

मग पौल रोमकरांस लिहितो कीं, क्लेशानें धीर, धीरानें शील व शीलानें आशा उत्पन्न होते, त्याचा अर्थ काय? ही सांखळी पांचव्या अध्यायाच्या तिसऱ्या व चवथ्या वचनांत आहे. तिच्या अगोदर पहिलें वचन आहे, व त्यांत देवाशीं झालेल्या समेटाची गोष्ट आहे. तिच्या मागून पांचवें आहे, त्यांत पवित्र आत्म्याच्या द्वारें अंतःकरणांत ओतलेल्या प्रीतीची. या दोहोंमधून काढून तिसरें वचन एकटें वाचूं नये. शिवाय पौल येथें स्वतःच्या व आपल्याबरोबर विश्वास धरणाऱ्यांच्या क्लेशांविषयीं बोलतो. दुसऱ्यांच्या भुकेपुढें त्यानें काय केलें, तें प्रेषितांच्या कृत्यांत आहे. अगबानें दुष्काळाचें भविष्य सांगितलें, तेव्हां अंत्युखियाच्या शिष्यांनीं ऐपतीप्रमाणें मदत जमविली, व बर्णबा आणि शौल यांच्या हातीं ती यहूदीयांत पाठविली. रोमकरांस लिहिलेल्या त्याच पत्राच्या पंधराव्या अध्यायांत पौल कळवितो कीं, यरुशलेमांतील गरिबांसाठीं जमलेली वर्गणी घेऊन तो निघाला आहे.

म्हणून उपदेशक बंधूंस विनंति कीं, स्वतःच्या दुःखांत रोमकरांचा पांचवा अध्याय अवश्य वाचावा. दुसऱ्याच्या घरीं तो उघडण्यापूर्वी त्या घरीं काय विकलें गेलें, मुलगी शाळेंतून काढली काय, कर्ज किती व कोणाचें, हें हळूच विचारून घ्यावें, आणि मंडळीच्या पंचांपुढें मांडावें. ज्या मंडळींत मूठभर धान्याचें मडकें रिकामें पडून राहिलें असेल, तिनें तें येत्या रविवारीं पुन्हां उपासनेच्या जागीं आणून ठेवावें.