रुग्णाच्या खोलीतले दिवे: खर्च किती, कुठे करावा

दहा-वीस खाटांच्या अनेक नर्सिंग होममध्ये दिवा इलेक्ट्रिशियनच ठरवतो: खाटेच्या बरोबर वर 6500 केल्विनची पांढरीफटक ट्यूब. उताणा पडलेल्या रुग्णाच्या डोळ्यांवर ती दिवसभर येते. हे बदलायला फार पैसे लागत नाहीत.

विकत घेताना वॅटच्या आधी सीआरआय विचारा. दिव्याखाली रंग किती खरे दिसतात, ते हा 100 पैकी आकडा सांगतो. साध्या एलईडीचा सीआरआय 80 च्या आसपास असतो आणि त्यात लाल रंग सर्वांत जास्त मार खातो. ओठ निळे पडलेत का, डोळ्यांत कावीळ उतरलीय का, टाक्यांच्या कडा लाल आहेत का, हे सिस्टर रंगावरूनच ओळखतात. म्हणून खाटेजवळ 90 किंवा त्याहून जास्त सीआरआयचा, 4000 केल्विनच्या आसपासचा दिवा हवा. साधी बॅटन, म्हणजे ट्यूबसारखा लांबट एलईडी दिवा, 250 रुपयांना मिळते, जास्त सीआरआयची साधारण 600 ते 900 ला. इथे काटकसर नको.

दोन खाटांच्या खोलीचा ढोबळ हिशेब असा. अशा दोन बॅटन 1500 रुपये. त्या छतावर नको, डोक्यामागच्या भिंतीवर, उजेड वर जाईल अशा लावा. रुग्णाच्या हाताशी बटण असलेले दोन वाचनदिवे 1600. रात्री उठणाऱ्यासाठी जमिनीलगत दोन मंद पिवळे दिवे 500. वायरिंग आणि मजुरी 3000. दिव्यांवर 18 टक्के जीएसटी धरला, तर सव्वासात हजारांच्या घरात काम होतं. गावागणिक दर थोडे बदलतील.

सलाईन लावताना मोबाईलचा टॉर्च धरावा लागत असेल, तर चाकाच्या स्टँडवरचा तपासणीचा दिवा घ्या. पाच ते आठ हजारांचा एक दिवा लहान मजल्याला पुरतो. युरोपीय मानकात वॉर्डात एरवी 100 लक्स, वाचायला 300 आणि तपासणी-उपचाराला 1000 लक्स उजेड सांगितला आहे; खोलीभर 1000 लक्स पाडण्यात पैसा वाया जातो आणि रुग्णाची झोपही.

दुकानातच दिवा लावून मोबाईलच्या कॅमेऱ्यातून बघा. काळ्या पट्ट्या सरकताना दिसल्या तर तो नको. बिलावर सीआरआय आणि वॉरंटी लिहून घ्या. त्याच जातीच्या दोन बॅटन कपाटात जास्तीच्या ठेवा, नाहीतर पहिली बंद पडताच तिथे पुन्हा जुनीच पांढरी ट्यूब लागेल.