पासपोर्ट आहे, नोकरी आहे, मग पोस्टपेड का नाही?

प्रश्न : माझी मुलगी नोकरीसाठी म्युनिकला गेली. पासपोर्ट, व्हिसा, कंपनीचं पत्र सगळं दाखवूनही मोबाइलच्या दुकानात तिला पोस्टपेड नाकारलं. आपल्याकडे आधार दाखवून अंगठा टेकवला की सिम हातात पडतं. परक्यांना तिथे मुद्दाम अडवतात का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : नाही, हा नकार तिच्या परकेपणामुळे नसावा. पोस्टपेड म्हणजे कंपनीच्या लेखी उधारीच. आधी वापरा, मग पैसे द्या; तेही बहुतेकदा २४ महिन्यांच्या करारावर. सोबत महागडा हँडसेट घेतला तर अडकणारी रक्कम आणखी मोठी. म्हणून कंपनी आधी ‘शूफा’कडे चौकशी करते. १९२७ साली बर्लिनमध्ये सुरू झालेली ही संस्था कर्ज, हप्ते, बिलं कोण वेळेवर फेडतं याची नोंद ठेवते. आपल्याकडे सिबिल ठेवतं तशीच. नुकत्याच पोचलेल्या माणसाच्या नावावर तिथे काहीच नसतं. बुडवल्याची नोंद नाही, तशी फेडल्याचीही नाही. शिवाय बिल परस्पर बँकेतून वळतं होतं, म्हणून खातं हवं. खात्यासाठी अनेक बँका पत्त्याची सरकारी नोंद मागतात. त्यासाठी घर हवं, आणि घरमालक विचारतो, तुमचा फोन नंबर काय? नवख्या माणसाची यात फार ओढाताण होते, आणि ती टाळता येण्याजोगी आहे.

तिला सरळ प्रीपेड घ्यायला सांगा. आल्डी, लिडलसारख्या किराणा दुकानांतही सिम मिळतं. आल्डीचं ओ-टूच्या नेटवर्कवर चालतं, लिडलचं व्होडाफोनच्या. पॅकची मुदत बहुधा चार आठवड्यांची. शूफाची भानगड नाही, दोन वर्षांची बांधिलकी नाही. ओळख मात्र १ जुलै २०१७ पासून प्रीपेडलाही पटवावी लागते. व्हिडिओ कॉलवर पासपोर्ट कॅमेऱ्यासमोर हळूहळू तिरपा करायचा, म्हणजे त्यावरची चमकणारी खूण पलीकडच्याला दिसते. ते जमलं नाही तर बऱ्याच कंपन्या पोस्टात पासपोर्ट दाखवून काम करून देतात. आपली मराठी नावं नेमकी इथे अडतात. पासपोर्टवर स्वतःच्या नावाला जोडून वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं. फॉर्ममध्ये ते गाळलं की दोन्ही नावं जुळत नाहीत. पासपोर्टवर आहे तसंच, अक्षर न् अक्षर भरावं.

आता एक काम तुमच्याकडे. तिचा इथला नंबर बंद पडू देऊ नका. बँकेचे ओटीपी त्याच नंबरवर येतात. प्रीपेड नंबरवर ९० दिवस कसलाच वापर झाला नाही तर तो बंद होऊ शकतो, आणि पुढे दुसऱ्या कुणाला दिला जातो. रिचार्ज तुम्हाला घरबसल्या करता येईल. परदेशात एसएमएस यावेत म्हणून आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू आहे ना, हे तिला कंपनीच्या अ‍ॅपवर आजच तपासायला सांगा. डेटा रोमिंग तेवढं बंद ठेवू दे. बँक जर्मन नंबर नोंदवून घेत असेल तर तो आधी नोंदवावा, मगच इथलं सिम सोडायचा विचार करावा.