झाड वाळतं ते दोन हद्दींच्या मध्ये

आयुष्यभर वनस्पतिशास्त्र शिकवलं आणि निवृत्तीनंतर सीताबर्डीच्या रस्त्यांवरची झाडं जगवायच्या कामाला लागले. नागपूरचं ऊन काय असतं हे नागपूरकराला सांगायला नको. २३ मे २०१३ या दिवशी इथं ४७.९ अंश सेल्सियस तापमान नोंदलं गेलं. नवतपा, म्हणजे मेअखेरचे रणरणते नऊ दिवस, लागला की बर्डीच्या मेन रोडवर भर दुपारी फक्त तीच माणसं दिसतात, ज्यांना घरी बसणं परवडत नाही. हातगाडीवाले, सायकलरिक्षावाले, डोक्याला दुपट्टा गुंडाळून व्हरायटी चौकातून लोहापुलाकडे चालत निघालेल्या बाया. मी झाडाचा विचार करते तो त्यांच्या डोक्यावरच्या सावलीपासून.

एवढ्या वर्षांत जे शिकले ते इथं क्रमानं मांडते. या सगळ्याच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: ऊन झाडाला दमवतं, पण झाड खरं मरतं ते दोन हद्दींच्या मध्ये, जिथं कुणाचीच जबाबदारी नसते.

१. खड्डा खणण्याआधी जमीन कुणाची ते विचारा

सीताबर्डीतून चारही दिशांना थोडं चालून बघा. किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे. पलीकडे रेल्वेची जमीन. महाराजबाग कृषी महाविद्यालयाची. काही रस्ते महापालिकेचे, काही सार्वजनिक बांधकाम विभागाचे, काही भूखंड नागपूर सुधार प्रन्यासचे. वर मेट्रोचा पूल, बाजूनं विजेच्या तारा, खाली गटार आणि जलवाहिनी. एवढ्याशा परिसरात झाडाचे इतके मालक!

एकदा एक कडुनिंब शेंड्याकडून वाळू लागला, तेव्हा आम्ही झाडांसाठी काम करणारे काही जण एका कार्यालयात गेलो. त्यांनी दुसरीकडे पाठवलं, दुसऱ्यांनी तिसरीकडे. अर्ज फिरत राहिला आणि झाड वाळत गेलं. तेव्हापासून आमचा नियम ठरला की आधी गल्लीचा नकाशा काढायचा, प्रत्येक झाडासमोर जमिनीचा मालक, पाणी देणारा आणि फांद्या छाटणारा अशी तीन नावं लिहायची. एकही रकाना रिकामा असेल तर तो भरेपर्यंत तिथं रोप लावायचं नाही.

आपल्या राज्यात १९७५ पासून नागरी भागातल्या झाडांच्या जतनाचा कायदा आहे. त्यानुसार वृक्ष प्राधिकरण असतं, झाड तोडायला परवानगी लागते. हा कायदा सामान्य माणसाच्या हातातलं चांगलं साधन आहे. अर्ज करताना कलमाचा उल्लेख केला आणि पोच घेतली की कागद हलतो, हा माझा अनुभव आहे.

२. किती लावली विचारू नका, तिसऱ्या उन्हाळ्यानंतर किती उरली ते विचारा

राज्याची वृक्षलागवड मोहीम २०१६ साली २ कोटी रोपांपासून सुरू झाली आणि २०१९ साली उद्दिष्ट ३३ कोटींवर गेलं. पावसाळ्यात हजारो हात मातीत गेले. मला ते दृश्य आवडलं. पण नागपुरात रोपाची परीक्षा जुलैत होत नाही. इथं पाऊस वर्षाला साधारण ११०० मिलीमीटर पडतो, पण बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. मग पुढचे आठ महिने रोप माणसांच्या भरवशावर असतं.

आपली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. भेग पडली की कोवळी मुळं तुटतात. म्हणून फेब्रुवारीतच आळं खणून त्यावर पालापाचोळ्याचा जाड थर द्यायचा. जो पाचोळा गल्लोगल्ली जाळला जातो, तोच झाडाचं पांघरूण असतो. पहिले तीन उन्हाळे काढले की मुळं खोल जातात आणि झाड बऱ्यापैकी आपल्या पायावर उभं राहतं. त्यामुळे लागवडीच्या पैशांतच तीन उन्हाळ्यांच्या पाण्याचे आणि माळ्याच्या मजुरीचे पैसे बाजूला काढून ठेवावे लागतात. ते नसतील तर रोपं निम्मीच लावावीत.

मोजणीही तशीच हवी. २०११ च्या वृक्षगणनेत नागपुरात सुमारे २१ लाख ४३ हजार झाडं मोजली गेली. म्हणजे माणशी एकाहूनही कमी. कायदा दर पाच वर्षांनी गणना करा म्हणतो, कारण मोजल्याशिवाय काय गेलं ते कळत नाही.

३. शहरातल्या झाडाचं पाणी शहराबाहेरून येतं

आपल्या घरातला वाळ्याचा कूलर कोरड्या हवेत गारवा देतो, कारण पाण्याची वाफ होताना उष्णता शोषली जाते. झाडाची पानंही तेच काम करतात. पण टाकीत पाणी नसलेला कूलर जसा गरम हवाच फेकतो, तसं तहानलेलं झाड पर्णरंध्रं मिटून घेतं आणि गारवा देणं थांबवतं. मग उरते ती फक्त सावली.

हे पाणी कुठून आणायचं? शहराची तहान पेंच आणि कन्हान भागवतात. २०१९ च्या जुलैत पेंचवरचं तोतलाडोह धरण तळाला गेलं आणि नागपूरकरांना दिवसाआड पाणी घ्यावं लागलं. अशा वेळी झाडाला पिण्याचं पाणी द्या म्हणायला जीभ रेटत नाही. म्हणून शुद्ध केलेल्या सांडपाण्यावर झाडांचा पहिला हक्क असावा असं मला ठामपणे वाटतं. भांडेवाडीला शुद्ध केलेलं पाणी कोराडीच्या औष्णिक वीज केंद्राला जातं. शहराचं सांडपाणी शेजारच्या गावातल्या उद्योगाच्या कामी येतं, हे दोन संस्थांनी करार केला म्हणून जमलं. त्यातलाच थोडा वाटा टँकरनं रस्त्याकडेच्या झाडांना मिळावा, यासाठीही असाच करार हवा.

४. बुंध्याला श्वास घेऊ द्या

सिमेंटचे रस्ते झाले आणि फरशा थेट खोडाला येऊन भिडल्या. वरून झाड हिरवं दिसतं, खाली मुळांना ना हवा ना पाणी. मग मृगाच्या आधीच्या वादळात तेच झाड मुळासकट आडवं होतं आणि दोष झाडावर येतो. राष्ट्रीय हरित लवादानं २०१३ साली दिल्लीच्या झाडांबाबत बुंध्याभोवती एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायचा आदेश दिला. तो आदेश छापून आम्ही कंत्राटदारांच्या हाती देतो. रस्ता खोदलेला असतानाच हे सांगावं लागतं. सिमेंट वाळल्यावर तेच काम दसपट अवघड होतं.

५. फांद्या छाटणाऱ्यांना आपलंसं करा

पावसाळ्याआधी तारांजवळच्या फांद्या छाटाव्याच लागतात. लाइनमन जिवावर उदार होऊन ते काम करतात. त्यांच्याशी भांडण्यात काही हशील नाही. आम्ही त्यांच्यासोबत सकाळी फिरतो, कुठली फांदी कुठं कापली तर जखम लवकर भरेल ते दाखवतो, त्यांच्याकडून तारांचं गणित समजून घेतो. आता तारेखाली पीतमोहर किंवा शिरीष लावतच नाही. तिथं कांचन किंवा पारिजातक. कडुनिंब, वड, पिंपळ, करंज यांना जिथं आभाळ मोकळं आहे तिथंच जागा.

अमेरिकेतल्या सॅक्रामेंटो या उष्ण शहरात वीज कंपनी आणि तिथली वृक्षसंस्था यांनी मिळून १९९० साली ग्राहकांना अंगणात लावायला सावलीची झाडं फुकट द्यायला सुरुवात केली. घरावर सावली पडली की कूलर-एसीची वीज वाचते, म्हणजे कंपनीचाही भार कमी होतो. विदर्भात मे महिन्यात विजेची मागणी किती चढते ते आपण जाणतो. इथल्या वीज कंपन्यांनी झाडाकडे या नजरेनं पाहावं, हे मी प्रत्येक बैठकीत मांडते.

६. सावली चालणाऱ्याच्या वाटेवर हवी

एखाद्या कोपऱ्यात दाट मियावाकी वन वाढवणं चांगलंच. पक्ष्यांना, किड्यांना त्याचा आधार होतो. पण मुंजे चौकात सिग्नलला उभ्या असलेल्या माणसाला त्याची सावली मिळत नाही. जिथं लोक थांबतात, विकतात, चालतात तिथं झाड हवं. बसथांबे, मेट्रोच्या पायऱ्या, हातगाड्यांच्या रांगा.

आणि तिथंच सर्वांत चांगले राखणदारही भेटतात. फणीपासून पर्सपर्यंत सगळं विकणाऱ्या एका भावानं मला सांगितलं, "मॅडम, सावली हाय तं गिऱ्हाईक हाय." तो रोज सकाळी बादलीभर पाणी आणतो. कुणी खोडात खिळा ठोकून पाटी लावायला आला तर तोच अडवतो. पथविक्रेत्यांना झाडांचे शत्रू मानणारी योजना मला कधी पटली नाही.

७. तोडलेल्या झाडाची भरपाई त्याच उन्हात व्हायला हवी

१९७५ च्या त्या कायद्यात २०२१ साली झालेल्या दुरुस्तीनंतर ५० वर्षांवरच्या झाडाला वारसा वृक्षाचा मान मिळाला. तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी रोपं लावणं आणि सात वर्षं ती सांभाळणं बंधनकारक झालं. तरतूद उत्तम आहे. पण भरपाईची रोपं वीस किलोमीटर लांब लागली तर ज्या वस्तीची सावली गेली तिला काय मिळालं? अजनीच्या रेल्वे वसाहतीतल्या हजारो झाडांवर कुऱ्हाड यायची वेळ आली तेव्हा तरुण पोरं-पोरी, निवृत्त माणसं, पक्षिमित्र सगळे याच प्रश्नासाठी एकत्र आले. जुनं झाड जागेवर वाचवणं हीच सर्वांत स्वस्त लागवड आहे.

८. शेजारची गावं सोबत घ्या

उष्णतेची लाट महापालिकेच्या नाक्यावर थांबत नाही. अहमदाबादनं २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा केला, त्यानंतर २०१६ मध्ये नागपूरनं शेजारच्या शहरांना सोबत घेऊन असा आराखडा आखला. सूचना, दवाखाने, पाणपोया यांवर एकत्र विचार झाला. आता झाडांचंही तसंच व्हावं. शहर सुमारे सव्वादोनशे चौरस किलोमीटरचं, तर महानगर प्रदेश साडेतीन हजारांहून मोठा. कामठी, हिंगणा, बुटीबोरी भराभर वाढताहेत. तिथले रस्ते आज आखले जाताहेत, म्हणजे झाडाची जागा आजच राखता येते. बर्डीत आम्ही फूटभर जागेसाठी झगडतो, तिथं ती वेळ येऊ नये.

रोपवाटिका सामाईक असाव्यात. वनखात्याकडे देशी बियाणं आणि जाणकार माणसं आहेत, कृषी विद्यापीठाकडे मातीचं ज्ञान, महापालिकेकडे टँकर, नागरिकांकडे रोजची नजर. कोलंबियातल्या मेदेयीननं २०१६ पासून रस्ते आणि ओढ्यांकाठी ३० हरित पट्टे जोडले आणि गरीब वस्त्यांतल्या माणसांना माळीकामाचं शिक्षण देऊन त्यांच्याकडेच निगा सोपवली. तिथल्या नोंदीनुसार त्या पट्ट्यांत तापमान सुमारे दोन अंशांनी उतरलं. नागनदीचा काठ असा पट्टा होऊ शकतो, आणि इथल्या पोरांना त्यातून पगाराचं कामही मिळू शकतं.

माझं मागणं साधं आहे. दरवर्षी फेब्रुवारीत, पारा चढण्याआधी, या सगळ्या खात्यांनी आणि शेजारच्या नगरपालिकांनी एका टेबलाशी बसावं. मागच्या वर्षीची किती रोपं जगली ते आधी सांगावं, नंतरच नव्या लागवडीचा आकडा ठरवावा. जगलेल्या रोपांची यादी वॉर्डावॉर्डात लोकांना वाचता येईल अशी लावावी. आणि आपण प्रत्येकानं आपल्या दारासमोरच्या झाडाचा तो तीन नावांचा रकाना आज भरावा. पाणी देणाऱ्याच्या जागी स्वतःचं नाव लिहायला कुणाचीच परवानगी लागत नाही.